पाच कसोट्या, चार कर्णधार

जानेवारी १९५९. मद्रास कसोटीच्या आदल्या दिवशी भारताचा कर्णधार ठरलेला होता. प्रत्यक्षात संघ घेऊन मैदानात उतरला तो दुसराच. सामन्याच्या आदल्या रात्री राजीनामा देऊन मोकळा झालेला माणूस मूळचा सोलापूरचा. नाव पहलन रतनजी उम्रीगर. जगाला माहीत असलेले पॉली उम्रीगर.

हल्ली आपल्याकडची पोरे रात्री-बेरात्री जागून स्पेनमधला फुटबॉल पाहतात. २०१८-१९ च्या मोसमात रेयाल माद्रिदने तीन प्रशिक्षक वापरले, तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर त्याची चर्चा महिनोन्‌महिने पुरली. बार्सिलोनाकडून ५-१ असा मार खाल्ल्यावर हुलेन लोपेतेगी गेले, त्यांच्या जागी आलेले सोलारी मार्चमध्ये गेले आणि शेवटी आधीच सोडून गेलेल्या झिदानलाच परत बोलवावे लागले. लीगमध्ये संघ तिसरा आला. एवढ्या मोठ्या क्लबात असा गोंधळ कसा, असे पोरांना वाटते. पण त्याच्या साठ वर्षे आधी आपल्या क्रिकेट मंडळाने असाच एक मोसम घालवला होता, तोही एका मालिकेत, पाच कसोट्यांत चार कर्णधार वापरून. त्या गोंधळाच्या मधोमध उभा असलेला माणूस आपल्या गावचा असल्याने ती गोष्ट सोलापूरकरांना तरी ठाऊक असायला हवी. बहुतेकांना ती नसते.

उम्रीगरांचा जन्म २८ मार्च १९२६ चा. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. ज्या 'जुनी मिल'चे नाव आजही गावातल्या भागाला चिकटले आहे, ती धडधडत होती आणि कापडाच्या धंद्यातली मंडळी बाहेरून इथे येऊन राहत होती. उम्रीगरांच्या पारशी घरातही कपड्याचाच व्यवसाय होता. पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईला गेले, त्यामुळे त्यांचे पुढचे क्रिकेट मुंबईचे. मुंबई विद्यापीठाचे ते कर्णधार झाले. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी पाहुण्यांविरुद्ध शतक ठोकले आणि त्याच मालिकेत कसोटीत पदार्पण केले. सहा फुटांहून उंच, खांदे रुंद, फटक्यात दणका. १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्यात उम्रीगर नाबाद १३० होते. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीतले ते भारताचे पहिले द्विशतक. त्याच मालिकेत दुसऱ्या कसोटीपासून ते कर्णधार झाले आणि मालिका २-० अशी जिंकून दिली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीनही कसोट्यांत नेतृत्व त्यांच्याकडेच होते.

म्हणजे १९५८ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ पुन्हा भारतात आला, तेव्हा कर्णधार कोण, हा प्रश्नच पडायला नको होता. पडला. निवड समितीचे अध्यक्ष लाला अमरनाथ होते आणि समितीने हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद यांचे नाव पुढे केले. गुलाम अहमद सज्जन माणूस, गोलंदाज उत्तम. पण दुखापतीमुळे मुंबईच्या पहिल्या कसोटीतून त्यांनी माघार घेतली. मग ब्रेबॉर्न स्टेडियमवर उम्रीगर कर्णधार. सामना अनिर्णित राहिला. शेवटच्या डावात पंकज रॉय ९० धावा काढत तासन्‌तास उभे राहिले आणि कसोटी वाचली. संघ हरलेला नव्हता. तरी कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत कर्णधारपद गुलाम अहमद यांच्याकडे गेले, कारण ते बरे झाले होते. उम्रीगर पुन्हा साधे खेळाडू.

कानपूरची कसोटी आजही चवीने सांगावी अशी आहे. सुभाष गुप्ते यांनी पहिल्या डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. उरलेला एक बळी पुण्याच्या वसंत रांजणे यांना मिळाला. वेस्ट इंडीज २२२ सर्वबाद, भारतही २२२ सर्वबाद. अशी बरोबरी झाल्यावर कुणालाही वाटेल की आता सामना आपल्या हातात आहे. पण दुसऱ्या डावात गॅरी सोबर्स यांनी १९८ धावा काढल्या, वेस हॉल यांनी सामन्यात ११ बळी घेतले आणि भारत २०३ धावांनी हरला.

कलकत्त्यात तर अब्रूच गेली. रोहन कन्हाय यांच्या एकट्याच्या २५६ धावा, बुचर आणि सोबर्स यांची शतके, ५ बाद ६१४ वर डाव घोषित. भारत १२४ आणि १५४. एक डाव आणि ३३६ धावांनी पराभव. डावाच्या हिशेबात भारताचा सर्वांत मोठा पराभव आजही हाच आहे. ३१ डिसेंबरला सुरू झालेला सामना ४ जानेवारीला संपला. त्यानंतर गुलाम अहमद निवृत्त झाले आणि चौथ्या कसोटीसाठी कर्णधारपद पुन्हा उम्रीगरांकडे आले.

मद्रासला संघ जमला आणि विजय मांजरेकर दुखापतीमुळे खेळणार नाहीत, असे ठरले. त्यांच्या जागी कोण? जागा फलंदाजाची आहे तर फलंदाजच हवा, असे उम्रीगरांचे म्हणणे होते आणि त्यांच्या डोक्यात मनोहर हर्डीकर यांचे नाव होते. मुंबईचे हर्डीकर याच मालिकेत कसोटीत आले होते. क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांनी मात्र अहमदाबादचे ऑफस्पिनर जसू पटेल यांचा आग्रह धरला. क्रिकेटच्या दृष्टीने वाद साधा होता, एका जागेचा. समोर वेस्ट इंडीजचे वेगवान गोलंदाज हॉल आणि गिलख्रिस्ट. त्या मालिकेत एकट्या हॉलने ३० बळी घेतले आणि गिलख्रिस्टने २६. हेल्मेट नाही, छातीला संरक्षण नाही, आणि फलंदाज कमी करून गोलंदाज वाढवायचा. त्या वेळी कर्णधार असलेल्या कुणाचेही डोके फिरले असते. उम्रीगरांचे फिरले. ११ जणांमध्ये आपल्याला कोण हवे, हे ठरवता येत नसेल तर कर्णधार कशाला व्हायचे, असा त्यांचा सवाल होता आणि त्याचे उत्तर त्यांनी राजीनाम्याने दिले. खेळाडू म्हणून मात्र ते मैदानात उतरले. राग धरून घरी गेले नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवे.

कर्णधारपद विनू मंकड यांच्या गळ्यात पडले. वय ४१. सगळा अपमान, धावपळ आणि गोंधळ झाल्यावर अंतिम संघात हर्डीकरही नव्हते आणि जसू पटेलही नव्हते. अपूर्व सेनगुप्ता यांना संधी मिळाली आणि तीच त्यांची एकमेव कसोटी ठरली. भारत २९५ धावांनी हरला.

मग दिल्लीच्या शेवटच्या कसोटीसाठी चौथा कर्णधार आला : हेमू अधिकारी. मूळचे पुण्याचे, नोकरीने सैन्यातले अधिकारी. वय ३९, आणि मालिकेतल्या आधीच्या चारही कसोट्यांत संघाबाहेर. बाहेरून आणलेल्या माणसाच्या हातात बुडते जहाज द्यायचे, हा प्रकार फुटबॉल पाहणाऱ्यांना नवा नाही. अधिकारी मात्र वस्ताद निघाले. स्वतः ६३ आणि ४० धावा काढल्या, लेगब्रेक टाकून तीन बळीही घेतले. दुसऱ्या टोकाला चंदू बोर्डे होते. पहिल्या डावात १०९, दुसऱ्या डावात ९६. भारताकडून एका कसोटीत दोन शतके तोवर फक्त विजय हजारे यांनी काढली होती. बोर्डे दुसऱ्या शतकापासून चार धावांवर येऊन ठेपले, गिलख्रिस्टला फटका मारताना तोल गेला आणि ते स्वयंचित झाले. पदार्पणाच्या त्या सामन्यात छोटेखानी रमाकांत देसाई यांनी ४९ षटके टाकून चार बळी घेतले. पाहुण्यांनी ८ बाद ६४४ केल्या, तरी कसोटी अनिर्णित सुटली. मालिका ०-३.

या चारपैकी तिघांचे पुढे काय झाले, पाहा. गुलाम अहमद यांची शेवटची कसोटी कलकत्त्याची. मंकड आणि अधिकारी यांची शेवटची कसोटी दिल्लीची. उरलेले उम्रीगर १९६२ पर्यंत खेळले, पण भारताचे कर्णधार पुन्हा कधीच झाले नाहीत. एका मालिकेत मंडळाने चार कर्णधार वापरले आणि चारही संपवले.

आता इथे थोडे थांबून विचारायला हवे : १९५९ चा भारतीय कर्णधार आणि आजचा स्पॅनिश क्लबचा प्रशिक्षक, यांची तुलना कशी करायची? क्रिकेटमध्ये तेव्हा प्रशिक्षक नावाचे पदच नव्हते. सराव, डावपेच, गोलंदाजी बदलणे, खेळाडूंची समजूत घालणे, सगळे कर्णधाराकडे. म्हणजे कामाने तो प्रशिक्षकच. फरक एका महत्त्वाच्या गोष्टीत होता : संघ निवडण्याचा हक्क त्याच्याकडे नव्हता. निवड समिती वेगवेगळ्या विभागांच्या प्रतिनिधींची असे, प्रत्येकाला आपापल्या भागातला मुलगा दिसे, आणि निवडलेल्या संघावर मंडळाच्या अध्यक्षांची मोहोर लागत असे. हरलात की जबाबदार कर्णधार. पण संघ दुसऱ्याचा. हा घोळ जुनाच होता. १९३६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर विजयनगरमच्या महाराजकुमारांनी आपल्या सर्वोत्तम खेळाडूला दौरा अर्धवट असताना घरी धाडले. तो खेळाडू म्हणजे लाला अमरनाथ. १९५९ मध्ये निवड समितीच्या अध्यक्षपदावर बसलेले हेच.

युरोपात प्रशिक्षकाला निदान ११ जण निवडता येतात. तरी तिथल्या खुर्च्यांचे पाय इतके का डुगडुगतात, हे समजण्यासाठी मालक कोण, हे पाहावे लागते. स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडा कायद्यानंतर बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपन्या व्हावे लागले. रेयाल माद्रिद, बार्सिलोना, अथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार मात्र सभासदांचे राहिले. तिथे अध्यक्षाची निवडणूक होते. कंपनी झालेल्या क्लबात मालकाला गुंतवलेल्या पैशाची काळजी. सभासदांच्या क्लबात अध्यक्षाला मतांची काळजी. दोन्ही ठिकाणी ओळीने चार सामने हरले की काहीतरी केल्याचे दाखवावेच लागते. २५ खेळाडू मोसमाच्या मध्यावर बदलता येत नाहीत. एक प्रशिक्षक एका दुपारी बदलता येतो. एवढे साधे गणित आहे.

व्हॅलेन्सिया हे त्याचे ठळक उदाहरण. क्लब जुना, प्रेक्षक कडक, आणि मालक सिंगापूरचे पीटर लिम. २०१५-१६ मध्ये प्रशिक्षक नूनो गेले, मग मँचेस्टर युनायटेडचा जुना खेळाडू गॅरी नेव्हिल आला. नेव्हिलने तोवर कुठल्याही क्लबचे प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. बार्सिलोनाने चषक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याच्या संघाला ७-० ने धुतले आणि मार्च संपता संपता तोही गेला. त्याच्या जागी आलेले पाको आयेस्तारान पुढच्या मोसमात पहिले चारही सामने हरले आणि घरी गेले. इटलीचे प्रान्देल्ली आले आणि वर्ष सरायच्या आत स्वतःच निघून गेले. या सगळ्या ये-जा प्रकारात वोरो नावाचा क्लबचा जुना माणूस वेळोवेळी तात्पुरता उभा राहायचा, संघ सावरायचा आणि पुन्हा बाजूला व्हायचा. दोन्ही मोसमांत व्हॅलेन्सिया बाराव्या क्रमांकावर. इतकी माणसे बदलून जागा तीच.

उम्रीगर प्रकरणाशी सगळ्यात जवळचे उदाहरण मात्र क्लबचे नाही, स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे आहे. २०१८ चा विश्वचषक रशियात १४ जूनला सुरू होणार होता. स्पेनचे प्रशिक्षक लोपेतेगी विश्वचषकानंतर रेयाल माद्रिदकडे जाणार, हे १२ जूनला जाहीर झाले. आपल्याला आधी विचारले नाही, म्हणून महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस भडकले आणि १३ जूनला त्यांनी लोपेतेगींना काढून टाकले. स्पेनचा पहिला सामना १५ तारखेला. फर्नांडो हिएरो रातोरात प्रशिक्षक झाले, पोर्तुगालशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि पुढे रशियाने पेनल्टींवर स्पेनला घरी पाठवले. मद्रासला राजीनामा होता, रशियात हकालपट्टी. पण दोन्हीकडे अध्यक्षाला सामन्यापेक्षा आपला शब्द मोठा वाटला. लोपेतेगींना त्यानंतर माद्रिदनेही ऑक्टोबरमध्ये काढले, ते वर उल्लेखलेच.

मग माणूस बदलल्याने फायदा होतो की नाही? यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच काम केले आहे. नेदरलँड्समधील बास तेर वील यांनी तिथल्या फुटबॉल लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल तपासले. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतो, हे खरे आढळले. पण तितक्याच वाईट अवस्थेत सापडलेल्या आणि प्रशिक्षक न बदललेल्या संघांकडे पाहिले, तर तेही तसेच सावरलेले दिसले. लागोपाठ पराभवांत थोडा भाग खराब खेळाचा असतो आणि थोडा नशिबाचा. गोलपोस्टला लागून बाहेर गेलेला चेंडू, चुकीचा निर्णय, दुखापती. नशिबाचा भाग आपोआप ओसरतो. ताप उतरायच्या दिवशी ज्याने गोळी दिली तो डॉक्टर हुशार ठरतो, तसेच हे. म्हणून नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या चार सामन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

हा निष्कर्ष सरसकट लावण्यातही धोका आहे. आपल्या शेजारी गोव्यातले उदाहरण घ्या. एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबने जानेवारी २०२० च्या अखेरीस काढले, तेव्हा संघ गुणतालिकेत वरच होता आणि साखळीतले मोजकेच सामने उरले होते. अनेकांना हा शुद्ध वेडेपणा वाटला. मग गोव्याचाच माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा याने उरलेले सामने जिंकून दिले आणि साखळीत अव्वल राहिलेला तो संघ आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला. उलट बाजूने पुणे. एफसी पुणे सिटीने २०१८-१९ मध्ये स्पेनचेच मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना आणले आणि तीन सामन्यांनंतर निरोप दिला. मधे प्रद्युम रेड्डी यांनी सांभाळले, डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राऊन आले, संघ थोडा सावरला, आणि पुढच्या मोसमाआधी क्लबच बंद पडला. जागा हैदराबादला गेली. प्रशिक्षक बदलणे हे तिथे आजाराचे लक्षण होते. आजार पैशाचा आणि मालकीचा होता.

मला वाटते १९५८-५९ चे निदानही असेच करायला हवे. त्या वेस्ट इंडीजपुढे कुठलाही भारतीय कर्णधार जिंकला नसता. सोबर्स यांनी मालिकेत ५५७ धावा काढल्या, कन्हाय यांनी ५३८. एवढ्या ताकदीपुढे हरणे गैर नव्हते. गैर होते ते हे की कर्णधार नेमताना एका-दोन कसोट्यांचा हिशेब करायचा, जबाबदारी पूर्ण द्यायची आणि अधिकार अर्धा ठेवायचा. १९८८ मध्ये इंग्लंडने नेमकी हीच वाट धरली, तीही वेस्ट इंडीजपुढेच. गॅटिंग, एम्बुरी, ख्रिस कौड्री, गूच : एका उन्हाळ्यात चार कर्णधार, मालिका ०-४. ख्रिस कौड्री निवड समितीचे अध्यक्ष पीटर मे यांचे धर्मपुत्र होते, हे इंग्लिश वर्तमानपत्रांनी विसरू दिले नाही. लॉर्ड्सवरचे गोरे साहेब आणि आपले मंडळ यांच्यात या बाबतीत फारसे अंतर नव्हते, हे पाहून थोडे बरे वाटते.

आपल्याकडे तर कर्णधार बदलण्याची साथ पुढेही चालू राहिली. १९५९ च्या उन्हाळ्यात इंग्लंड दौऱ्यावर बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड कर्णधार झाले. लॉर्ड्स कसोटीत ते आजारी पडले, म्हणून पंकज रॉय यांनी संघ सांभाळला. पाचही कसोट्या हरलो. त्या दौऱ्यात उम्रीगरांनी मँचेस्टरला शतक काढले. परतल्यावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध रामचंद कर्णधार. म्हणजे नोव्हेंबर १९५८ ते डिसेंबर १९५९ या १३ महिन्यांच्या आत सात कर्णधार झाले.

आणि याच ठिकाणी गोष्टीला असे वळण मिळते की कुणी कादंबरीत लिहिले तर आपण विश्वास ठेवणार नाही. डिसेंबर १९५९, कानपूर. नवी खेळपट्टी. लाला अमरनाथ यांनी खेळपट्टी पाहून हट्टाने एक ऑफस्पिनर संघात घेतला. वय ३५, लहानपणी हात मोडल्यामुळे चेंडू टाकताना हाताला एक विचित्र झटका. हे जसू पटेल. पहिल्या डावात ६९ धावांत ९ बळी, दुसऱ्या डावात ५५ धावांत ५. रिची बेनॉ यांचा ऑस्ट्रेलिया ११९ धावांनी हरला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय. दुसऱ्या डावात जसूभाईंच्या जोडीला दुसऱ्या टोकाकडून चार बळी कुणी घेतले? उम्रीगरांनी, २७ धावांत. ज्याच्या नावावरून ११ महिन्यांपूर्वी कर्णधारपद सोडले, त्याच्याच खांद्याला खांदा लावून.

मग मद्रासला रतिभाई पटेल बरोबर होते आणि उम्रीगर चूक? मला तसे वाटत नाही. कानपूरची ताजी खेळपट्टी ऑफस्पिनरची होती. मद्रासला हॉलपुढे फलंदाजाची जागा रिकामी झाली होती. शिवाय वाद जसू पटेल चांगले की वाईट, हा नव्हताच. मैदानात उतरणारा कोणाच्या शब्दावर उतरणार, हा होता. अमरनाथ निवड समितीचे अध्यक्ष म्हणून एखादे नाव मांडतात, ते त्यांचे कामच आहे. मंडळाचा अध्यक्ष सामन्याच्या तोंडावर जागा भरायला बसतो, तेव्हा कर्णधार शोभेचा उरतो. उम्रीगरांनी शोभेचे राहायचे नाकारले.

त्याची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि त्यांचे प्राण वाचवण्याची धडपड सुरू झाली. उम्रीगर संघात होते, सर्वांत अनुभवी होते. कर्णधार झाले ते उपकर्णधार असलेले २१ वर्षांचे मन्सूर अली खान पतौडी. उम्रीगरांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत ५६ धावा, मग ५ बळी, मग नाबाद १७२ असे काढून दाखवले. भारत तरी हरला. त्या मालिकेनंतर त्यांनी कसोटी क्रिकेट सोडले : ५९ कसोट्या, ३६३१ धावा, १२ शतके. त्या काळात भारताकडून यापेक्षा जास्त धावा कुणाच्याच नव्हत्या.

पण माणसाचा हिशेब पूर्ण द्यायचा तर एक अवघड भागही सांगितला पाहिजे. १९७८ ते १९८२ या काळात उम्रीगर स्वतः निवड समितीचे अध्यक्ष होते. १९७८-७९ मध्ये गावसकर यांनी वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका जिंकून दिली आणि पुढच्याच इंग्लंड दौऱ्यावर कर्णधारपद वेंकटराघवन यांना मिळाले. दौरा संपवून संघ परत येत असताना विमानातच घोषणा झाली की गावसकर पुन्हा कर्णधार झाले आहेत. वेंकटराघवन आपल्या आसनावर बसून ती ऐकत होते. खुर्ची बदलली की दृष्टी बदलते, हे उम्रीगरांच्या बाबतीतही खोटे नव्हते. मद्रासच्या त्या रात्रीची आठवण असलेल्या माणसाकडून, निदान निरोप देण्याच्या पद्धतीत, अधिक चांगले अपेक्षित होते.

सोलापुरात पार्क मैदानावर आता पुन्हा मोठे क्रिकेट येऊ लागले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना इथे झाला. इथे सरावाला येणाऱ्या पोरांना लोपेतेगी, झिदान सगळे तोंडपाठ आहेत. त्यांना उम्रीगर कोण, हे सांगायला फार वेळ लागत नाही. ज्या क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षाशी भांडून उम्रीगरांनी कर्णधारपद सोडले, तेच मंडळ २००६-०७ च्या मोसमापासून भारताच्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूला पुरस्कार देते. त्याचे नाव पॉली उम्रीगर पुरस्कार, आणि पहिला मिळाला सचिन तेंडुलकरला.